काट्यावर उभ्या राहिलेल्या आया

अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजनं घेतो, जमलं तर आयांचीही. वजन रजिस्टरात जातं. काट्याजवळ आया जे बोलतात ते कुठं लिहायचं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात साठत गेलं. उचगावात सोळा वर्षं सेविका आहे, म्हणजे बघा.

रेश्मा चौथी शिकलेली. तिचं वजन ब्याऐंशी, मुलगी मात्र नुसती काडी. मला वाटलं काटा बिघडला, म्हणून दोघींना परत उभं केलं. तेच.
"तू काय खातेस गं?"
"सगळ्यांचं खाऊन उरंल ते. भात टाकून द्यायचा व्हय?"
"आणि पोरगी?"
"चहा-बिस्कीट. दुसरं तोंडात घेत न्हाय."

एका इंजिनिअर आईचा तीन वर्षांचा मुलगा पाच वर्षांच्या पोराएवढा जड. वजनाच्या तक्त्यावर त्याची रेघ कुठं गेली ते दाखवलं तर म्हणाली, "सगळ्यांच्या वर म्हणजे पहिला आला की." दोघीही हसलो. जाताना पोरगं दोन पायऱ्या उतरून धापा टाकत खाली बसलं.

आहाराच्या सभेत मी विचारलं, भाजीत तेल किती घालायचं हे घरात कोण ठरवतं? सगळ्या सुनांनी मागं बसलेल्या सासवांकडं बघितलं. एक सासू म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? मालकास्नी रश्श्यावर तेलाचा कट लागतोय."

सुरेखाला शुगर निघाली. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, तरी शुगर वाढतच गेली.
"साखर बंदच हाय, ताई. गूळ घालते. गुळाचं त्यांनी नावच काढलं न्हाय."
त्याच वर्षी तिच्या पायाचं बोट काढलं. आता ती माझ्या खांद्याला धरून काट्यावर चढते.

अनिता गारगोटीची, बी.एड. झालेली. लग्नाआधी शाळेत शिकवायची. आमच्या भिंतीवरचा 'तेल कमी, साखर कमी, रोज चाला' हा तक्ता तिच्याच अक्षरातला. दोन बाळंतपणांत तिचं वजन पंचवीस किलोंनी वाढलं. मी म्हटलं, "तू चालतेस का?"
"ताई, गेटबाहेर पडायला कारण सांगावं लागतंय. चालणं हे कारण न्हाय."

पुढं तीन महिने ती आली नाही, म्हणून घरी गेले. सासूबाई म्हणाल्या, "गच्चीवर कपडे वाळत घालतिया. लई वेळ लागतोय तिला."

वर गेले. ओल्या कपड्यांची बादली हातात घेऊन अनिता गच्चीच्या कडेनं झपाझप फेऱ्या मारत होती. दोरी रिकामी होती.

"अगं, घाल की ते कपडे वाळत."

"सकाळीच वाळलेत, ताई. परत भिजवून आणलेत."