उतारावरची दोन पिंपं

"मला उचलू नका, मला वाट द्या," असं टेलरमास्तर उठता-बसता म्हणायचे. ऐकणारे हसायचे आणि त्यांना उचलायचे.

उचलायचा मान थोरल्या भावाचा. आजारात मास्तरांच्या पायांतलं बळ गेलं, तेव्हापासून दादा त्यांना रोज पाठीवर घेऊन घराच्या पायऱ्या उतरायचा, खाली चाकाच्या खुर्चीत बसवायचा आणि ढकलत दुकानापर्यंत न्यायचा. कोपऱ्यावरचा गिरणीवाला हटकून विचारायचा, "काय दादा, दळण की माणूस?"

"भाऊ आहे माझा. फुलासारखा नेतो," दादा छाती फुगवून सांगायचा. फूल गळ्यात मापाची टेप घालून खाली बघत असायचं. दुकान उघडायचं दादाचा चहा झाल्यावर आणि बंद व्हायचं दादाला कंटाळा आल्यावर. आपल्या मनाने घराबाहेर पडावं, एवढंच मास्तरांना हवं होतं.

मग अपंगांच्या घरात सोयी करायला सरकारी अनुदान निघालं. मास्तरांचा अर्ज मंजूर झाला. निम्मे पैसे आले, गवंड्याने पायऱ्यांशेजारून सिमेंटचा छान उतार घातला, कडेला लोखंडी कठडा लावला. उरलेले पैसे तपासणीच्या बाई बघून गेल्यावर मिळायचे होते. इथेच माशी शिंकली.

"बाई बघून जाईपर्यंत यावर कुणी पाय ठेवायचा नाही," दादाने जाहीर केलं आणि उताराच्या तोंडाशी पाण्याची दोन भरलेली पिंपं आणून ठेवली.

"माझ्या पायांचा तसाही प्रश्न नाही," मास्तर म्हणाले.

"चाकही नाही!"

दादा रोज सकाळी उतार धुवायचा, पुसायचा आणि मग मास्तरांना पाठीवर घेऊन शेजारच्या पायऱ्यांनी उतरायचा. मास्तर त्याच्या खांद्यावरून उताराकडे बघत खाली जायचे. वहिनी दारातून म्हणायची, "इतकं तर तुम्ही मलासुद्धा जपलं नाहीत."

एकदाच्या बाई आल्या. त्यांना दाखवायला चाकाची खुर्चीसुद्धा पुसून वर आणली होती, मास्तर तीत बसले होते. बाईंनी कठडा हलवून पाहिला. "काम चांगलं झालंय. रोज वापरता ना?"

दादाला वाटलं, आता शाबासकी. "छे हो बाई! एक ओरखडा दाखवा. चाक लागू दिलेलं नाही!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मला 'वापरात आहे' असं लिहावं लागतं. मग आता काय लिहू?"

दादाचं तोंड एवढंसं झालं. तो सवयीने मास्तरांपुढे पाठ करून वाकला. "चल, बस. खाली नेतो, मग उतारावरून वर ढकलून दाखवतो."

"दादा, पिंपं काढ."

"अरे, पडशील!"

"पडलो तर माझा मी पडेन. काढ."

दादाने पिंपं सरकवली. त्यांच्याखाली दोन गोल ओले डाग पडले होते. साऱ्या उतारावर तेवढेच.

मास्तरांनी चाकं हातात धरली आणि हळूहळू सोडत निघाले. दादा दोन्ही हात पुढे करून मागे धावला.

"हात मागे," मास्तर वळून न बघता म्हणाले. दादाने हात पाठीमागे बांधले आणि जागीच उभा राहिला.

मास्तर उतार उतरले, रस्त्याला लागले, दुकानाच्या दिशेने निघाले. गिरणीवाल्याने विचारायला तोंड उघडलं, तसंच मिटलं. बाई टोपण काढून लिहीत होत्या. धुऊन पुसलेल्या सिमेंटवर चाकांच्या दोन ओल्या रेघा होत्या. मास्तर कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत दादा बघत राहिला. मग सवयीने फडक्याकडे वळला, तर वहिनीने फडकं आणि बादली आधीच आत नेली होती.