वेगळं पाणी

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात चार मासे वारले आणि चौघांच्याही मृत्यूला मी जबाबदार आहे. मी नववीला विज्ञान शिकवतो. (माझा आवडता धडा : संसर्गजन्य रोग आणि प्रतिबंध. निकाल दरवर्षी उत्तम!)

मुळात सोलापुरात समुद्र आणायचं काही कारण नव्हतं. इथं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि तेवढं पुरवतानाच माणूस मेटाकुटीला येतो. पण आई गेली आणि आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बोलणंच बंद झालं. आप्पा पाणीपुरवठा खात्यात होते. तीस वर्षं पेठापेठांतून चावी फिरवून लोकांना पाणी सोडलं, आणि प्रत्येक पेठेत भांडायला हक्काची माणसं जमवली! असा माणूस दिवसाला चार शब्दांवर आला : 'व्हय', 'नको', 'जेवलो' आणि 'बरं'.

कुणीतरी सुचवलं, घरात मासे ठेवा. साधे गोड्या पाण्यातले आणले असते तरी भागलं असतं. पण मी पडलो विज्ञानाचा शिक्षक! मी खाऱ्या पाण्याची टाकी आणली. शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा, मग मासे सोडायचे. पांढऱ्या पट्ट्यांची एक नारिंगी जोडी आणि तीन हिरवे चिमुकले. आठवड्याभरात आप्पा त्या जोडीशी बोलायला लागले.

"उटला का रं? बाई कुटं गेली तुजी?"

आमच्याशी नाही, माशांशी. पण घरात त्यांचा आवाज होता. माझी बायको संगीता स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणाली, "हे मासे जगले पायजेत बरं का."

मासे जगवायचे तर आहेत ते सुखानं राहू द्यावेत. मी एक निळा नवा आणला! दुकानदार सलीमभाईंनी पिशवी हातात देताना बजावलं, "सर, इसको महिनाभर अलग रखना. अलग टब, अलग जाळी, अलग पानी. अंगात कीडा असला तर सबको लगता."

मी घरी येऊन कोपऱ्यात प्लास्टिकचा टब मांडला. आप्पा खुर्चीतून उठून आले.

"हे काय?"

"नवा मासा, आप्पा. महिनाभर वेगळा ठेवायचा."

"का? आजारी हाय?"

"नाही. पण असू शकतो."

"कुनी तपासला?"

"तसं तपासून कळत नाही."

"मंजी नुसता संशय. आनि पानी?"

"वेगळं."

"जाळीबी?"

"हो."

आप्पांनी वाकून टबात बघितलं. मग आई गेल्यापासूनचं सगळ्यात लांबलचक भाषण त्यांनी केलं. "तिकडं माढ्याकडं आमच्या गावात आमाला हीर वेगळी व्हती. शाळंत पान्याच्या माठाला हात लावू देत न्हवते. आमच्या हाताला काय लागलंय, तेबी कुनी तपासलं न्हवतं. तीस वर्सं म्या सगळ्यांना एकाच पाइपातनं पानी सोडलं. माज्या घरात वेगळं पानी चालायचं न्हाय. सोड त्याला आत!"

आता यावर काय बोलणार? खरं तर उत्तर होतं. पाठ्यपुस्तकात होतं, आकृतीसकट होतं! पण इतक्या दिवसांनी वडील बोलत होते, आणि जे बोलत होते त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी निळ्याला टाकीत सोडला.

पाचव्या दिवशी निळ्याच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके उठले. सहाव्या दिवशी जोडीच्या अंगावर. सगळे मासे दगडांना अंग घासायला लागले. मी फोन लावला.

"सलीमभाई, ठिपके!"

"अलग रखा था ना, सर?"

"आवाज तुटतोय," म्हणून मी फोन ठेवला. (आवाज अगदी स्वच्छ येत होता.)

आणि नवव्या दिवशी ठिपके गायब! "बग," आप्पा म्हणाले, "संगट ऱ्हायले, बरे झाले." मीही मान डोलावली. शाळेतून येताना पेढे आणले! हा किडा माशाच्या अंगावरून गळतो तो मरायला नव्हे, तळाशी बसून पोरं वाढवायला, हे विज्ञानाच्या शिक्षकाला माहीत असायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात एका ठिपक्याच्या जागी शंभर उठले. दोन दिवसांत तिन्ही हिरवे गेले. पेढे अजून निम्मे शिल्लक होते.

मी पुन्हा फोन केला आणि या वेळी खरं सांगितलं. सलीमभाईंनी आधी किती उरले ते विचारलं. मग म्हणाले, उरलेले तिघं बाहेर काढा, टबात ठेवा, तिथं तांब्याचं औषध मोजून द्या. टाकीत औषध नको, दगड ते पिऊन टाकतात. टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवा, खायला अंग मिळालं नाही की किडे उपाशी मरतील.

हे आप्पांना सांगायचं कुणी? मी दोनदा त्यांच्यासमोर जाऊन पाणी पिऊन परत आलो. शेवटी संगीता पुढं झाली.

"आप्पा, सगळ्यांनाच हलवायचं. एकट्याला न्हाय. तिघंबी एका टबात, एका पान्यात, औषध सगळ्यांना सारखं."

"मंजी दवाखाना."

"व्हय, दवाखाना."

"मग पयलं असं नीट सांगाया काय झालं व्हतं ह्या मास्तरला?"

टब आमच्या खोलीत ठेवला, कारण ती त्यातल्या त्यात गार. औषध मोजायचं काम माझ्याकडं. मासे लवकर बरे व्हावेत म्हणून मी अर्धं झाकण जास्त घातलं. सकाळी नारिंगी जोडीतली मादी तळाशी आडवी पडली होती.

त्या दिवशी आप्पांनी उरलेल्या नराला काहीच विचारलं नाही. टबाशेजारी नुसते बसून राहिले. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. माझ्याच हातानं घालवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यांनी संगीताला हाक मारली.

"ह्याला जवळ बसून खायाला घालावं लागंल. पयले चार दिस खायाचा न्हाय. म्याबी खाल्लं न्हवतं."

आणि त्यांनी खाट उचलून आमच्या खोलीत आणली. आता ते दिवसभर तिथंच असतात. नारिंगीला समजावतात, निळ्याला दम भरतात (हो, ज्यानं हे सगळं आणलं तो निळा ठणठणीत आहे!), औषध संगीता मोजते. मला त्या खोलीत मज्जाव आहे. मी बाहेर रिकाम्या टाकीचा खारटपणा बघतो, दिवा लावतो, आणि ज्या पाण्यात आता काहीच पोहत नाही त्याच्याकडं बघत बसतो.

काल करमाळ्याहून माझ्या आक्काचा फोन आला. ती दर आठवड्याला आप्पांची चौकशी करते. या वेळी फोन आप्पांनीच घेतला.

"मी बरा हाय गं. निळा बरा हाय. नारिंगी कालपासनं खातोय. काळजी हाय ती तुज्या भावाची. शाळंतनं आला की तासतासभर रिकाम्या पान्याफुडं बसतोय. मासा न्हाय, काय न्हाय. तू जरा येऊन जा."

आक्का रविवारी येते आहे. मला बघायला.