मामांच्या डोक्याची बाजू

“तलाठी? माझ्या प्रभूला तलाठी म्हनतोस?”

काकांचा आवाज एवढा मोठा निघाला की कबरस्तानातल्या बाभळीवरचे होले उडाले आणि पलीकडच्या शेतात हळद शिजवणाऱ्या बायांनी घाबरून कढईखालचा जाळ कमी केला. आवाज पार डोंगरकडा गावापर्यंत गेला असं मी नंतर माहेरी सांगितलं, तर माझा भाऊ म्हणाला, आम्हाला इकडे हट्ट्यालाही ऐकू आला होता. आमच्या माहेरी सगळेच असे. कमी सांगितलं तर जेवण पचत नाही.

काका म्हणजे माझे चुलत सासरे. गावातले निवृत्त गुरुजी, आणि आमच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीचे इतके जुने सभासद की चर्चचं कौल हललं तरी त्यांना विचारून हलायचं. ज्यांच्यावर ते ओरडले ते आमच्या घरचे जावई. आमच्याकडे जावयाला एकेरी हाक मारली तर तीन पिढ्यांच्या सोयरिकी मोडतात. पण जावईबापू परभणीला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता एका नव्या मंडळीत जाऊ लागले होते. येशू हा देवाचा पुत्र आहे, स्वतः देव नव्हे, आणि मेलेला माणूस कुठंही जात नाही, हाक येईपर्यंत गाढ झोपतो, असं त्या मंडळीत शिकवत. तेव्हापासून काकांच्या तोंडी एकेरी येऊ लागली होती.

“तलाठी न्हाई म्हनलं मी,” जावईबापू शांतपणे म्हणाले. हे शांत बोलणंच काकांना झोंबायचं. “मी म्हनलं, कलेक्टरचा हुकूम घेऊन तलाठी येतो. हुकूम खरा असतो, मान बी द्यायचा. पन त्यानं तलाठी कलेक्टर होत न्हाई. बाप तो बाप, पुत्र तो पुत्र.”

“आन वादळ गप केलं ते? मेलेल्याला उठवलं ते? आपल्या तलाठ्याला झोपलेला कोतवाल उठवता येत न्हाई!”

“मग त्याला धरून नेलं त्या रात्री बागेत गुडघे टेकून तो कोनाला हाका मारीत होता, काका? सोतालाच?”

“ते त्रैक्य हाय, तिघं मिळून एक देव,” काका म्हणाले. “जनम गेला शिकवन्यात, मला न्हाई कळलं. तुला दोन वर्षांत काय कळतंय?”

एवढ्यात गवंडी उठून उभा राहिला. घमेल्यातला माल तो मघापासून थापीनं परतत होता आणि ऊन असं होतं की थापीवर भाकरी भाजली असती. “गुरुजी, सिमेंट आटून राहिलं,” तो म्हणाला. “देव कोन ते मागून ठरवा. डोकं कोनीकडं ते आदी सांगा.”

सगळं अडलं होतं ते याच्यावरच.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षाच्या प्रार्थनेला कबरीवर फरशी आणि डोक्याशी क्रूस बसवायचा, अशी रीत. आमच्यात माणसाला पुरतात ते डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला करून. प्रभू उगवतीकडून येणार, तेव्हा उठून बसलं की तो बरोबर समोर दिसावा. आता मामांचं डोकं कुठल्या बाजूला आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

याला कारण गावचा सुतार. बिचारा दारं, खिडक्या, बाजा करायचा. मयताची पेटी त्यानं जन्मात केली नव्हती. त्यानं रात्र जागून पेटी केली, मजबूत इतकी की आत हत्ती ठेवला तरी कुरकुरली नसती. पण केली धान्याच्या पेटीसारखी, दोन्ही टोकं सारखी. झाकणावर क्रूस काढ म्हणून सांगितलं, तर त्यानं दवाखान्याच्या दारावर असतं तसं चारी बाजूंनी सारखं चिन्ह काढलं, तेही बरोबर मधोमध. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून पेटी घरातच खिळे ठोकून बंद केली. गल्लीत हळदीच्या पोत्यांची गाडी आडवी. मग पेटी मागं घेतली, विहिरीला वळसा घातला, खांदेकरी बदलले, पुन्हा वळवली. मी तर म्हणते, त्या दिवशी मामांनी जेवढा प्रवास केला तेवढा जिवंतपणी केला नव्हता. खड्ड्यात उतरवल्यावर कुणीतरी म्हणालं, “डोकं इकडंच हाय ना?” आणि चार खांदेकऱ्यांनी पाच दिशा दाखवल्या.

दुसऱ्या कुणाचं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या. पण मामांना दिशाच कळत नसत. कुरुंद्याच्या बाजाराला निघालेला माणूस संध्याकाळी डोंगरकड्याच्या चौकात उसाचा रस पीत सापडायचा. एकदा स्वतःच्या शेतात जाताना चुकले आणि दुपारपर्यंत दुसऱ्याची तूर खुरपून आले. तुरीच्या मालकानं जेवू घातलं, वर पुन्हा या म्हणाला. रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. उजवा कान बहिरा, त्यामुळे हाक ऐकली तरी कुठून आली ते कळत नसे. म्हणून दिवे लागायच्या वेळी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, फाट्यावर जाऊन उभ्या राहायच्या. मामा दिसले की पुढं जाऊन मनगट धरायचं आणि घराकडं वळवायचं. आख्खा संसार त्यांनी असा मनगटाला धरून घरी आणला होता.

आत्या आता कबरीशेजारी बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून दोघांचं ऐकत होत्या.

काका आणि जावईबापू तोवर फरशीवर घसरले होते. फरशीवरचा मजकूर काकांनी स्वतः रचला होता.

“हे बघा,” जावईबापूंनी बोट ठेवलं. “वर लिवलं, स्वर्गवासी. खाली लिवलं, प्रभूमधी झोपी गेले. गेले का झोपले, काय ते एक ठरवा.”

“जीव वर गेला. हितं नुसती कुडी. अंगरखा काढून ठेवावा तशी.”

“मग अंगरख्याशी दर रविवारी काहून बोलता?”

हे मात्र लागलं. काका दर रविवारी उपासना झाली की इकडं यायचे आणि भावाला गावची खबर सांगायचे, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा बोअर आटला. भाऊ ऐकतो, या भरवशावर त्यांनी ते वर्ष काढलं होतं. झोपलेल्याला काही कळत नाही असं ठरलं असतं, तर काका इतके रविवार मातीशी बोलत होते.

“अन तू काहून झोपवायला बसलास सगळ्यांना?” काका ओरडले. पण या वेळी आवाज बाभळीच्या पलीकडे गेला नाही.

जावईबापूंनी खाली बघितलं. “माझा बाप दारूनं गेला, काका. त्याच्या मातीवर उभं राहून तुमच्यातले मोठे लोक नरकाच्या आगीचं बोलले. मी लहान होतो. आंग भाजून रात्री उठायचो. या लोकांनी मला सांगितलं, तुझा बाप जळून न्हाई राहिला, झोपलाय. तवापासून मी बी झोपतो.”

गवंड्यानं थापी घमेल्यात रोवली आणि टोपी काढून घाम पुसला. आता सिमेंटचं नाव काढायची त्याचीही छाती होईना.

तेव्हा आत्या बोलल्या.

“भाऊजी, तुमी म्हनता तसा तो सोता देव असंल, तर समद्या बाजूंनी असंल. मग ह्यांनी कोनीकडं बी तोंड केलं तरी म्होरं तोच. बराबर?”

“बराबर, वैनी.”

“अन जावईबापू, तुमी म्हनता तसा बापानं धाडलेला पुत्र असंल, तर तो एका वाटंनं येईल. उगवतीकडून. मग हे उठतील, अन तोंड उलटीकडं असलं तर तसेच मावळतीला चालू लागतील. हाक मारली तरी कान बहिरा. मग?”

खोटं बोलायचा जावईबापूंचा स्वभाव नव्हता, आणि खरं काय ते त्यांच्या मंडळीत कुणी शिकवलं नव्हतं.

काका जिंकले होते. पण त्यांना तसं दिसू द्यायला आत्या तयार नव्हत्या. “अन भाऊजी, हे आदीच वर गेले म्हनता. कोनासंगं?”

“देवदूत नेत्यात, वैनी.”

“देवदूताचं तरी ऐकलं असंल का? इचारायचे न्हाईत ओ ते कोनाला.”

काकांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

“मामी,” जावईबापू म्हणाले, “तुमी म्हनत असाल तर उकरून सरळ करू. मी सोता खांदतो.”

“माझ्या भावाला हात लावायचा न्हाई!” काका.

“उकरू नका,” आत्या म्हणाल्या. “झोप मोडंल.” मग काकांकडं बघून, “असली तर.”

त्या उठल्या. कबरीच्या डाव्या अंगाला जागा मोकळी होती. ती त्यांनी पायानं चाचपली, रात्री बाजेची जागा चाचपतात तशी. “हितं मला ठेवा. पेटी एका बाजूनं निमुळती करा, क्रुसाचा पाय लांब काढा. माझं डोकं चुकवू नका. मी बराबर तोंडानं उठंन. उठले की पयले ह्यांचं मनगट धरून वळवीन. मग दोघं जाऊ.”

असं कुठल्याच मंडळीत शिकवत नव्हते. दोघांनीही हरकत घेतली नाही. काकांनी गवंड्याला मावळतीकडं खूण केली आणि जावईबापूंनी फरशीचं दुसरं टोक धरलं.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. मोबाईल गावात आला तो बघून गेल्या. त्यांच्या पेटीवर क्रूस असा लांब पायाचा निघाला की पेटी दोन बोटं वाढवावी लागली. काकांनी झाकणावर बाण काढला, तो पुसला जाऊ नये म्हणून जावईबापूंनी त्यावर पुन्हा रंग दिला, आणि कबरस्तान गावाच्या मावळतीला असूनही थकलेले काका बाणावर नजर ठेवून रस्ताभर पेटीच्या पुढं उगवतीकडे तोंड करून, म्हणजे जवळजवळ उलटे, चालत गेले.

पण ते नंतरचं. फरशी बसवली त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. मी चहा केला. काकांनी आपली बशी जावईबापूंकडं सरकवली. शेवटी काकांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, “वैनी, खरं सांगा. तुमाला काय वाटतं? येनारा देव हाय, का देवाचा पुत्र?”

आत्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “कोनी बी असू द्या. मी ह्यांना वळवंस्तोर थांबला म्हंजे झालं.”