बटणावरचा शब्द

आमच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, टीव्हीवरच्या कबड्डीत कुठलाही संघ जिंकला तरी राग यायचा. हरला तर यायचाच. "डावा कोपरा बदलायला कोणी सांगितलं होतं ह्यांना? चांगला पोरगा बाकावर बसवलाय आणि मैदानात कोण, तर हा ढोल्या." नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत हे ऐकायला तिघं असायचो. माझा नवरा नितेश, सासूबाई आणि मी. मला आणि सासूबाईंना कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही, पण बाबा आम्हालाच निवड समिती समजून झापायचे.

सहदेव घाडी त्यांचं नाव. वडील गिरणीत होते. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते, तो बंद पडल्यावर एका सोसायटीत पंप आणि लिफ्ट सांभाळू लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही, असं ते स्वतःच म्हणायचे. सांगण्यासारखं होतं, पण एकच. देवगडकडच्या त्यांच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे, मंडळाचा कबड्डीचा संघ आहे, आणि त्या संघातले सात गडी बावीस वर्षं बाबा निवडत आले होते. दर डिसेंबरात भांडुपच्या एका शाळेच्या मैदानात निवड व्हायची. बाबा दिवसभर कडेला उभे राहायचे, कोणाच्या हातचा वडापावसुद्धा खायचे नाहीत, आणि संध्याकाळी सात नावं वाचून दाखवायचे. त्यावर कोणी ब्र काढायचं नाही. एका वर्षी त्यांनी नितेशचंच नाव वाचलं नाही. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, दोन दिवस घरात धड जेवला नाही. सासूबाई अजून तो विषय काढतात. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्याची पकड सुटत होती, वनमाला. मी काय करू?"

मी अंधेरीला, मोबाइलचे गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करते. गेममधला इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने कबड्डीचा गेम काढला तेव्हा बाबांनी अख्ख्या मजल्यावर सांगितलं की आमची सून आता कबड्डीत आहे. लोक माझ्या दंडांकडे बघायला लागले. बाबांनी गेम फोनवर घेतला आणि पहिल्याच दिवशी सातजणांचा संघ उभा केला. इथे त्यांचं ऐकणारे खेळाडू होते, आणि आडवं बोलणारी समिती नव्हती. आठवडाभर स्वारी खूश होती.

मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरापर्यंत आवाज आला. "आपलोच कॅप्टन बदलूक पैशे? ह्यो खंयचो न्याय?" राग चढला की बाबा मालवणीत जायचे. गेममध्ये कॅप्टन बदलायला पैसे होते. गड्याचा पाय मुरगळला तर तो बरा व्हायला आठ तास थांबायचं, नाहीतर पैसे भरायचे. बदली उतरवायलाही पैसे. "फुकट म्हणून बोलावता आणि पावलोपावली हात पुढे करता," ते मला म्हणाले, जणू मी दारात उभी राहून तिकीट फाडत होते. मी हसून म्हटलं, "बाबा, मग माझा पगार कुठून येणार?" पण त्यांनी ठरवून टाकलं की एक रुपया द्यायचा नाही. जखमी गड्याला ते आठ तास बसवून ठेवायचे आणि उरलेल्या सहाजणांनिशी हरायचे.

आता माझ्या शब्दाबद्दल सांगते. हे सांगायला मला खूप दिवस लागले आहेत.

ऑगस्टमध्ये आमची मॅनेजर तेजल म्हणाली की मराठी लोक बटणापर्यंत येतात आणि परत जातात. बटणावर मी 'विकत घ्या' असं लिहिलं होतं. "श्रुतिका, ते 'विकत' जरा जड होतंय ना यार? काहीतरी गोड दे ना." मी अर्धा तास विचार केला आणि 'विकत' खोडलं. उरलं नुसतं 'घ्या'. आपण साडी घेतली म्हणतो तेव्हा पैसे मोजलेले असतात, आणि पाहुण्याला चहा घ्या म्हणतो तेव्हा नसतात. हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच तो शब्द सुचला. किंमत बटणाच्या खाली करड्या, बारीक अक्षरांत गेली. मी तेवढ्यावर थांबले नाही. गेममध्ये मिशीवाला एक वस्ताद होता, त्याच्या तोंडी मी वाक्य घातलं. खेळणाऱ्याचं नाव घेऊन तो म्हणायचा, "हा गडी तुमच्यासाठी राखून ठेवला होता. घ्या." दोन महिन्यांत मराठीची कमाई दुपटीवर गेली. तेजलने मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं आणि मला बढती मिळाली. मी घरी पेढे आणले. बाबांनी दोन खाल्ले.

नोव्हेंबरात नितेश बाबांच्या फोनवरून विजेचं बिल भरायला बसला आणि खात्यात पैसेच कमी निघाले. जवळजवळ अकरा हजार रुपये गेमकडे गेले होते. दूधवाल्याला द्यायला बरं पडावं म्हणून छोट्या रकमांना पिन लागू नये, अशी सोय नितेशनेच बाबांच्या फोनवर करून ठेवली होती. त्याने यादी दाखवली. एकोणपन्नास, एकोणपन्नास, नव्याण्णव, एकोणपन्नास. ते आकडे मला पाठ होते.

"पप्पा, हे काय आहे?"

"मी काय विकत घेतलं नाय."

"अहो, दीडशे वेळा घेतलंय. कालसुद्धा घेतलंय."

बाबांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मग माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काही बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. "मला नाय आठवत विकत घेतल्याचं," एवढंच म्हणाले.

नितेश रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला. त्याच्या आजोबांना शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं. रात्री त्याने मला विचारलं, "पप्पांचं पण सुरू झालं असेल का गं?" मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. बाबांनी विकत घेतलं नाही, वस्तादाने घ्या म्हटलं म्हणून घेतलं, आणि तो वस्ताद मी आहे. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवून घेऊ या." नोकरीची भीती होती, हे खरं. पण त्याहून मोठी भीती पेढ्यांची होती. कशाचे पेढे आणले होते ते घरात कळलं असतं.

मुलुंडच्या डॉक्टरांकडे नितेशबरोबर मीही गेले. त्यांनी बाबांना तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. माणूस चाळीस वर्षं मापं घेत आला होता, पण तपासणी कशासाठी आहे हे कळल्यामुळे तो गडबडला होता. त्र्याण्णव म्हणाले, शहाऐंशी म्हणाले आणि पुढे अडकले. मी खुर्चीत बसून होते. एकोणऐंशी, बाबा, एकोणऐंशी, असं मनात म्हणत होते, आणि तोंड उघडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, वय आहे, सध्या नुसतं लक्ष ठेवा.

सगळे लक्ष ठेवायला लागले. नितेशने बाबांच्या फोनवरून बँकेचं सगळं काढून टाकलं. बाबा चहा करून आले की सासूबाई आत जाऊन गॅस बघून यायच्या. बाबा खाली निघाले की चावी घेतली का, असं त्यांना दोनदा विचारलं जायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ते खिसा चाचपून बघायचे, कारण आता त्यांचाच स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. टीव्हीवर कबड्डी लागायची आणि ते मुकाट बघायचे. कोणाला बसवलं, कोणाला उतरवलं, काही बोलायचे नाहीत. घर इतकं शांत झालं की मला ऑफिसमधून यावंसं वाटेना.

डिसेंबरातल्या निवडीच्या रविवारी बाबा घरीच बसले. सासूबाई आणि नितेश बाजारात गेले होते. दुपारी मंडळाच्या राजारामकाकांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. दोन पोरांवर गाडं अडलं होतं. एक पोरगा चांगला होता, आणि दुसरा यंदाची जर्सी देणाऱ्याचा भाचा होता.

"सहदेव, तू सांग रे. तू म्हणशील तो घेतो."

"माका नको इचारू," बाबा म्हणाले. रागावले नव्हते तरी मालवणीत बोलत होते. "माझा आता काय खरा नाय. डोक्याची तपासणी झाली माझ्या. चुकीचो गडी निवडलंय तर तुमचा नुकसान होयत."

बरं, जप, म्हणून राजारामकाकांनी फोन ठेवला. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले आणि पुटपुटायला लागले. मला वाटलं देवाचं काहीतरी म्हणतायत. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. विकत शब्द खोडल्याचं, वस्तादाचं, बढतीचं. सांगताना मी त्यांच्या पायाच्या बोटांकडे बघत होते. वर बघायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी विचारलं, "म्हणजे तो मला देत नव्हता?"

"नाही, बाबा."

"सगळ्यांनाच तसं म्हणायचा? राखून ठेवलाय म्हणून?"

"सगळ्यांनाच."

"मला वाटलं, तू तिथे आहेस म्हणून देतायत. घरचा माणूस म्हणून. सहदेवराव म्हणायचा ना तो मला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "बावीस वर्षं कोणाचा चहा घेतला नाय मी मैदानात, आणि इथे गपचूप घेत बसलो. तुझ्या ओळखीवर घेतलं. त्या दिवशी नितेशला सांगणार होतो की मला त्यांनी दिलंय, पण म्हटलं तुझ्या ऑफिसात कोणाला कळलं तर तुझ्यावर शेकेल. सुनेने सासऱ्याला फुकट वाटलं म्हणतील. म्हणून गप्प बसलो. मग तुम्ही सगळे सांगायला लागलात, आणि डॉक्टरने विचारलं, तर मलाच वाटायला लागलं की विकत घेतलं असेल आणि विसरलो असेन."

मला रडू आलं, पण रडायचीही लाज वाटली. ज्याने रडायचं तो माणूस समोर कोरड्या डोळ्यांनी बसला होता.

"म्हणजे डोकं ठीक आहे माझं," ते म्हणाले. हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच सांगितलं. चेहरा जरा सैल झाला. मी मनात म्हटलं, सुटले. आता ते ओरडतील, मग हसतील, मग राजारामकाकांना फोन लावतील. घड्याळात साडेचार वाजले होते, नावं वाचायला अजून वेळ होता.

पण त्यांनी विचारलं, "डॉक्टरकडे नेलंत तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मी अडकलो तेव्हा तू तिथेच बसली होतीस."

"हो, बाबा."

मी फोन उचलून त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, काकांना सांगा ना, अजून निवड झाली नसेल. त्यांनी तो घेतला नाही.

"काय सांगू? माझं डोकं बरं झालं म्हणून? घरातल्या माणसाच्या मनात काय आहे ते मला कळलं नाय, आणि मी काय त्यांना पोरगे पारखून देऊ?"

थोड्या वेळाने जिन्यात नितेशचा आवाज आला, सासूबाईंशी भाजीवरून काहीतरी बोलत वर येत होता. मी म्हटलं, "बाबा, नितेशला तुम्ही सांगाल का? माझ्याने नाही होणार."

त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी कसा सांगू गो?" ते म्हणाले. "मी सांगितलं तर त्याला वाटेल, मी परत काहीतरी विसरून बोलतोय. आता ह्या घरात माझं कोण खरं धरतं? तूच सांग."

दार ढकलून नितेश पिशव्या घेऊन आत आला. मी जमिनीवरून उठले.