मंजुळाबाईंची कळव्यातली सवत

मंजुळाबाई कुणाच्या दागिन्यांवर कधी जळल्या नाहीत. जाऊबाईंनी वर्तकनगरला फ्लॅट घेतला तेव्हा चाळीत पेढे यांनीच वाटले. पण दुसऱ्या कुणाच्या हातच्या मटणाला कुणी 'झकास' म्हटलं, की यांच्या पोटात दुखायचं. हे त्या कबूल करायच्या नाहीत, पण अख्ख्या कोपरीला माहीत होतं.

आणि का दुखू नये? तीस वर्षं त्यांच्या चाळीत रविवारचं मटण म्हणजे मंजुळाबाईंचं. सकाळी विहारात वंदना, मग घरी येऊन अळणी शिजवलेलं मटण लोखंडी तव्यावर परतून परतून काळं करायचं. वास सुटला की शेजारणी उगाच वाटीभर साखर मागायला यायच्या. नवरा चांगदेव, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर, पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायचे. तोंडाने कौतुकाचा शब्द नाही. त्या मिटलेल्या डोळ्यांवर मंजुळाबाईंचा पुढचा आठवडा जायचा.

दोन वर्षांपूर्वी चांगदेवांच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि घरातलं मटण संपलं. डॉक्टर म्हणाले होते, जरा कमी करा. मंजुळाबाईंनी ते पंचशीलासारखं धरलं आणि बंदच केलं. रविवारी आता कातडी काढलेलं चिकन, थेंबभर तेलात. चांगदेव ते निमूट गिळायचे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र रविवारी अकरा वाजले की ते चपला घालायचे. "मंडळींना भेटून येतो गं," म्हणायचे, दोनला परत यायचे आणि दोन घास दहीभात खाऊन आडवे व्हायचे. मंजुळाबाईंना वाटे, माणूस रिटायर झालाय, गप्पांना जात असेल.

मग एका रविवारी विहाराच्या पायरीवर शेजारच्या प्रीतीने बॉम्ब टाकला. "काकू, काका कळव्याला नाक्यावरच्या बारमध्ये दिसले आमच्या ह्यांना. दारू नाही हां, लिंबूसोडाच होता. पण मटण रोस्ट असं खात होते ना, डोळे मिटून!"

बारचं त्यांना काही वाटलं नाही. दारूचं नव्हतंच. पण डोळे मिटून? दुसरीच्या हातचं खाऊन? मंजुळाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सवत परवडली असती, निदान तिच्याशी भांडता आलं असतं. इथे कोण कुठली बाई बारच्या भटारखान्यात उभी राहून तीस वर्षांची कमाई पळवत होती, आणि आपण घरी कातडी सोलत बसलो होतो! रात्री त्यांनी चांगदेवांचा शर्ट दोरीवरून काढून हुंगला. वाटणाचा वास होता. चांगल्या वाटणाचा होता, याचा त्यांना जास्त राग आला.

आठवडाभर त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. पुढच्या रविवारी चांगदेव बाहेर पडल्यावर मुलीला, पायलला, म्हणाल्या, "चल, रिक्षा कर. कळव्याला जायचंय."

"बारमध्ये? आई, तू?"

"फॅमिली रूम असते ना वरती? आपण फॅमिलीच आहोत."

जिना चढताना त्यांचे गुडघे कुरकुरत होते. वर एसीची थंडी आणि अर्धवट उजेड. मेनूकार्ड पायलने उघडलं आणि लगेच मिटलं. मंजुळाबाईंनी ते ओढून घेतलं. मटण रोस्टच्या पुढे ठळक अक्षरांत होतं, 'चांगदेव स्पेशल'.

"बघ!" त्या म्हणाल्या. "नावसुद्धा घातलंय भवानीने. माझ्या नवऱ्याचं!"

कोपऱ्यातल्या टेबलावर चांगदेव एकटेच बसले होते. आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि हातातला ग्लास टेबलावर कलंडला. त्याच वेळी भटारखान्याच्या दारातून वाफाळती प्लेट घेऊन एक पस्तिशीचा काळासावळा, मिशाळ गडी आला. काळुराम, मुरबाडकडचा, इथला आचारी. मंजुळाबाई त्याच्या पाठीमागे बाई शोधत राहिल्या. बाई नव्हतीच.

"दोन स्टेंट यासाठी बसवलेत होय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"चार तुकडे खातो गं फक्त. बाकीचं काळुराम खातो."

काळुरामच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, ह्याच का त्या काकी? अहो काकी, तुमचंच आहे हे! साहेबांनी चार महिने माझ्या डोक्यावर उभं राहून शिकवलंय. कांदा अख्खा जाळ, अळणी पाणी फेकू नकोस, तव्यावर शिंपडत राहा. आधी कोपरीतल्या, वर्तकनगरच्या बारवाल्यांकडं फिरले, कुणी ऐकून घेतलं नाय. मी घेतलं. आणि तरी दर रविवारी बोलतात, जवळ आलाय रे, पण तिच्या हातचं नाय."

मंजुळाबाई खुर्चीत बसल्या. राग कुठे ठेवावा ते कळेना. ज्या बाईवर त्या आठ दिवस जळत होत्या, ती बाई त्या स्वतःच होत्या.

"माझ्याकडे मागायचं होतं ना," त्या हळूच म्हणाल्या.

"तुला नाही म्हणावं लागलं असतं," चांगदेव म्हणाले. "ते तुला जमलं नसतं. रडली असतीस."

मंजुळाबाईंनी प्लेट ओढून एक तुकडा तोंडात घातला. कांदा बरोबर होता. तिखट बरोबर होतं. तुकडा वरून कडक आणि आत मऊ, तोही बरोबर. काय राहिलं होतं ते पहिल्या घासालाच कळलं. मटण टाकण्याआधी त्या बकऱ्याच्या चरबीचा एक तुकडा कोरड्या तव्यावर वितळवायच्या आणि तेल न घालता त्यावरच मटण सोडायच्या. चांगदेवांनी बाकीचं येता-जाता दारातून पाहिलं होतं, पण स्वयंपाकघरात कधी उभे राहिले नव्हते, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

काळुराम हात पुसत वाकून उभा होता. "काकी, सांगा ना. काय राहतंय?"

"काही नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. "अगदी बरोबर झालंय."

काळुराम खूश होऊन आत पळाला. चांगदेवांनी बायकोकडे पाहिलं, मग प्लेटकडे, आणि मान हलवून जेवायला लागले. आज मात्र डोळे मिटले नाहीत. मंजुळाबाई टक लावून बघत होत्या.

परतताना चांगदेव रिक्षावाल्याशेजारी पुढे बसले. मागे पायल आईच्या कानाशी लागली. "तुझं तोंड बघून कळलं मला. काहीतरी राहिलं होतं ना? डॅडींच्या हार्टसाठी खोटं बोललीस."

"हो," मंजुळाबाई म्हणाल्या.

आणि ते खरंही होतं. चरबी चांगदेवांना विषच. पण उद्या खुद्द डॉक्टरांनी चरबी चालेल म्हणून लिहून दिलं असतं, तरी काळुरामला त्यांनी ते सांगितलं नसतं.