पडद्यावरचा अपेंतेंग

ओफोरिवाने संगणक सुरू केला आणि तोंड फिरवून झाडू हातात घेतला. पडद्याकडे बघायचं नाही असं ती रोज ठरवायची. पण अंत्ययात्रेची पोस्टरं करणाऱ्या बाईचं पडद्याकडे न बघता कसं भागणार?

कुमासी शहरातल्या त्या गल्लीत गेलेल्या माणसांचे मोठाले रंगीत फोटो छापून देणारी बरीच दुकानं होती. हे अपेंतेंगचं. ओफोरिवा, त्याची बायको, त्याच्या हाताखाली पोस्टरं करायची; तो गेल्यावर तिने दुकानच चालवायला घेतलं. पडद्यावर सगळ्या चिन्हांच्या मागे तोच होता. अंगणात बसून शेंगदाणे खायचा, मान मागे टाकून हसायचा, पुन्हा खायचा. त्याच्या बहिणीने, सेरवाने, फोनमधला व्हिडिओ तिथे चढवून दिला होता. वर्षभर काळं नेसायचं, तोवर त्याला तिथून हलवायचं नाही, हे ओफोरिवाने पक्कं केलं होतं. त्याच्या खुर्चीला तिने काळं-तांबडं कापड बांधलं, छत्रीला बांधलं, संगणकाच्या डब्यालाही घट्ट गुंडाळलं. त्याच्या वस्तू, त्यांनीही दुखवटा पाळायला हवा.

मग ते सुरू झालं. मोठं पोस्टर उघडलं की डब्यातला पंखा घुरघुरू लागे. घुरघुर वाढून धाप लागल्यासारखी होई. पोस्टर बाजूला सारावं, तर मागे अपेंतेंग हसता हसता अडकलेला. तोंड उघडं, एका बाजूला ओढलेलं.

त्याला अर्धांगाचा झटका आला त्या संध्याकाळी त्याचं तोंड असंच झालं होतं. त्याने "पाणी दे गं" म्हणून हाक मारली, आणि ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "थांब, एवढं पोस्टर होऊ दे." पोस्टर झालं तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

आज एक गिऱ्हाईक आईचा फोटो घेऊन आलं. ओफोरिवाने मशीन बिघडल्याचं सांगून त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सेरवाला निरोप धाडला: किल्ल्या घेऊन जा, माझ्याने होत नाही.

सेरवा चौकात पोरांना संगणकावरचे खेळ खेळायला देई. ती तेलकट बोफ्रोत, तळलेला गोड गोळा, खातच आली. भावाच्या बायकोला ती 'माझी बायको' म्हणे. तिकडची रीतच ती.

"काय गं माझ्या बायको, मला न विचारता दुकान मोडतेस?"

"तो रागावलाय माझ्यावर."

"अपेंतेंग? जिवंतपणी कधी रागावता आलं नाही त्याला, आता कुठून शिकला?"

ओफोरिवाने पोस्टर उघडलं, बाजूला सारलं आणि डोळे मिटले. पंखा धापा टाकत होता. सेरवाचा घास तोंडातच राहिला.

"देवा," ती पुटपुटली. मग पुढे होऊन तिने डब्यावर हात टेकला आणि झटकन काढला. "अगं, भाजतंय! तापलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळून ठेवलंयस!"

तिने कापड ओढून काढलं. ओफोरिवाच्या घशातून बारीक आवाज निघाला.

"ओरडू नकोस. इकडे बघ." सेरवाने प्रोसेसरवरचा भार दाखवणारी खिडकी उघडली. "शंभर टक्के. पोस्टर प्रोसेसर उचलतोय, वर हा व्हिडिओही त्याच्याच डोक्यावर, म्हणून चित्र मधेच अडकतं. चूक माझी. फोनमधला होता तसा, केवढा मोठा, चढवून मोकळी झाले."

तिने व्हिडिओची पडद्याच्या मापाची लहान प्रत केली. दर सेकंदाला पळणारी चित्रं निम्म्यावर आणली. व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे दिलं. पंख्याचा आवाज हळूहळू बसला.

"आणखी एक. पोस्टर उघडं असेल तेव्हा हा आपोआप थांबेल. मग भार जवळजवळ नाहीच."

"म्हणजे मी काम करत असेन तोवर तो... थांबून राहणार?"

"हो."

"ते नको," ओफोरिवा म्हणाली. "एकदा थांबवलाय त्याला."

सेरवाने तिच्याकडे बघितलं. ती काय म्हणतेय, ते तिला ठाऊक होतं; त्या पाण्याची गोष्ट घरात सगळ्यांनाच ठाऊक होती, कुणी बोलत नसे. "नाही लावत," ती म्हणाली. "चालू दे त्याला. लहान केलाय, पेलवेल. पण हे कापड पुन्हा घातलंस तर मशीनचंही पोस्टर छापावं लागेल."

बाहेरच्या बाकावर गिऱ्हाईक खाकरलं. सेरवा त्याला आत बोलवायला उठली.

"थांब," ओफोरिवा म्हणाली. "आधी हे."

तिने गिऱ्हाइकाच्या आईचं, मगाशी सुरू केलेलं पोस्टर उघडलं. पंखा नुसता कुजबुजला. तिने पोस्टर बाजूला सारलं, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवले.

अपेंतेंगने दाणा तोंडात टाकला, मान मागे टाकली, हसला. तोंड सरळ होतं. तरी तो पुन्हा दाण्याकडे वळेपर्यंत तिने श्वास सोडला नाही.

"सेरवा," ती म्हणाली, "त्यांना आत बोलव. आणि मडक्यातलं पाणी आण गं, दोन पेले."

"दोन?"

"एक त्यांना." दुसरा पेला तिने पडद्याच्या शेजारी ठेवला आणि मग कामाला बसली.