हेडर सापडेना

आप्पांची वाचा गेली तेव्हा मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होते आणि शिरूरला खोली घेऊन राहत होते. घर केडगावच्या अलीकडे, मळ्यात. आप्पा म्हणजे माझे वडील. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं बंद झालं. कळायचं त्यांना सगळं. पण तोंडातून एक घोगरा सूर तेवढा निघायचा, आणि तो आम्हाला समजला नाही की ते डाव्या हाताचा पंजा भिंतीवर आपटायचे. आई एकेक विचारायची, "चहा? कूस बदलायची? पंखा लावू?" ते आपटतच राहायचे. शेवटी आई पदराला हात पुसत बाहेर निघून जायची.

पुण्याच्या दवाखान्यात वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम सुचवला. पडद्यावर मोठे चौकोन, प्रत्येकात एक चित्र. उजेड एका चौकोनावरून दुसऱ्यावर आपोआप सरकत जातो. हवा तिथं आला की माऊसचं बटण दाबायचं, मग तो शब्द आवाजात ऐकू येतो. फोनवर करून पाहिलं होतं, पण आप्पांचं बोट एका जागी ठरत नव्हतं. एकच बटण मात्र ते दाबू शकत होते.

प्रोग्राम फुकट होता. अडचण एवढीच, की तयार फाइल फक्त विंडोजची होती, आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर भावानं लिनक्स टाकलेलं. लिनक्सवाल्यांसाठी नुसता सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, ठेवला होता. तो उतरवा आणि त्यातून चालणारा प्रोग्राम तुमचा तुम्ही बांधून घ्या, म्हणजे बिल्ड करा.

सुट्टीच्या दिवशी मी ओसरीत बसले आणि बिल्डची कमांड दिली. चार ओळी पळाल्या आणि थांबल्या. जीटीकेची हेडर फाइल सापडत नाही, म्हणे.

जीटीके म्हणजे खिडक्या आणि बटणं काढून देणारी तयार लायब्ररी. तिच्यात काय काय आहे आणि ते कसं बोलवायचं, हे बिल्ड करणाऱ्या कंपायलरला हेडर फाइल वाचून कळतं. ती मिळाली नाही तर तो पुढं सरकतच नाही. आणि लायब्ररी तर लॅपटॉपवर होती! मी दोनदा तपासलं. मग नाही कशी म्हणतो हा?

आत भिंतीवर पंजा आपटला. आई "आले, आले" म्हणत धावली.

मला दम निघेना. नेटवर शोधून ती एक फाइल उतरवली आणि कोडच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली. कंपायलरनं ती घेतली आणि दुसरी मागितली. दुसरी दिली, तिसरी मागितली. दुपार अशीच गेली. जेवायलाही मी उठले नाही.

भाऊ गोठ्याकडून आला. "ताय, राहू दे गं. आपण घेऊ समजून त्यांचं."

"कवा घेतलंय समजून? आज सकाळपासून काय मागत हायेत, सांग बरं."

तो आत जाऊन आप्पांचे पाय चेपत बसला.

संध्याकाळी शिरूरला परत जायला चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले, तर डोक्यात तेच. पुढं उसाची ट्रॉली डुलत चाललेली आणि मी तिच्यामागं उगाच हॉर्न वाजवत होते. दुसऱ्या दिवशी कामावर एकच पार्ट दोनदा मोजला. कॅन्टीनमध्ये ताट समोर ठेवून फोनवर शोधत बसले, आणि तिथं उलगडलं. लायब्ररी दोन भागांत येते. प्रोग्राम नुसता चालवायचा तर पहिला भाग पुरतो. बिल्ड करायचा तर दुसरा वेगळा घ्यावा लागतो. त्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं आणि हेडर फाइली त्यात असतात. माझ्याकडं पहिलाच होता.

पहिली पाळी सुटली तशी खोलीवर न थांबता मी गाडी घराकडं काढली. पारगावचा पूल कधी गेला ते कळलंही नाही. फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, डेव्हवालं पॅकेज टाकलं आणि कमांड दिली.

पडदाभर एरर. आदल्या दिवसापेक्षा जास्त.

लॅपटॉप मिटून मी अंगणात दोन चकरा मारल्या. रडू येत होतं. परत येऊन पहिली ओळ सावकाश वाचली. ओळीच्या सुरुवातीला फाइलचा पत्ता असतो, तो आजवर मी वाचलाच नव्हता. कंपायलर आपली नवी हेडर सोडून मीच ठेवलेली फाइल वाचत होता. ती दुसऱ्याच आवृत्तीची. आधी जवळच्या फोल्डरमध्ये बघायचं, असं त्याला सांगितलेलं होतं. माझ्या हातच्या सगळ्या फाइली पुसल्या. आता आवाजाच्या लायब्ररीची हेडर नाही म्हणाला. पण या वेळी काय करायचं ते माहीत होतं. तिचंही डेव्ह पॅकेज टाकलं. ओळी पळत राहिल्या, थांबल्या नाहीत. खिडकी उघडली.

चौकोनांतले शब्द आपणच बोलून भरायचे होते. ते कुणाच्या आवाजात भरायचे? आई म्हणाली, "माझ्या आवाजात बोलणार व्हय ते? न्हाई बाई." भावाचा आवाज आप्पांच्या वळणाचा. तोच भरला.

लॅपटॉप खाटेजवळ स्टुलावर ठेवला, माऊस आप्पांच्या डाव्या हाताखाली दिला. उजेड फिरत राहिला. ते बघत होते. मग बटण दाबलं.

"पाणी."

आई तांब्या घेऊन धावली. आप्पांनी तोंड फिरवलं. उजेड पुन्हा फिरून आला. "पाणी." आई रडकुंडीला आली. "आवो, हे काय धरलंय समोर?"

तिसऱ्यांदा "पाणी" ऐकलं तेव्हा भाऊ उठून उभा राहिला. बाहेर शेजारच्या मळ्यातली मोटर चालू झाली होती. "मोटरची थ्री फेज लाइट आली! कांद्याला पाणी सोडायचंय, व्हय ना आप्पा?"

आप्पांनी डोळे मिटून मान हलवली. भाऊ चप्पल न घालताच विहिरीकडं पळाला.

आठवडाभरात आप्पांना उजेड फारच हळू वाटायला लागला. तो यायची वाट बघताना ते माऊसच आपटायचे. मी कोडमधला वेळ कमी करून परत बिल्ड केलं. जेवताना आईनं मऊ खिचडीचा घास पुढं केला, तर लगेच "नको" ऐकू आलं. तिनं परत धरला. "नको." पुन्हा "नको."

"बघितलं का," आई मला म्हणाली, आणि घास ताटात ठेवून तिनं डोळे पुसले, "लागले पहिल्यासारखं भांडायला."